पाहुणा ४४१७

“आज पुन्हा नऊ घोडे आले,” मिर्लान फोनमध्ये हसत म्हणाला. “मागितले नव्हते तरी.”

फोन स्पीकरवर होता; बुरुलायचे कणकेतले हात थांबले. नवरा दोन वर्षं परदेशात, कझानला बांधकामावर, जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं फोन करणार, आणि त्यातली सात मिनिटं त्या मेल्या खेळाची. फुकटचा खेळ. शहर वसवा, भिंती बांधा, शेजाऱ्याचं धान्य लुटा, साम्राज्य वाढवा. दिवसभर खऱ्या भिंती बांधून याचं समाधान होत नव्हतं.

“कोणी पाठवले?”

“पाहुणा ४४१७. स्वतःचं नाव घातलेलंच नाही, खेळाने दिलेलं तसंच आहे. सोमवारी माझं शहर जळालं, तर सकाळी गाड्या भरून गहू हजर. वर निरोप, जेवलास का? खोकला कसा आहे?”

“तुला खोकला आहे हे तू सांगितलंस?”

“नाही बहुतेक.” मिर्लान खोकला. “मलाही नवल वाटलं.”

कझानचा फोन वाजला की सासरे उठून बाहेर जात, तसे आजही गेले होते. उघड्या खिडकीखालच्या बाकावर त्यांची उंच पांढरी टोपी दिसत होती. प्रवासाच्या पैशांसाठी मिर्लानने त्यांचा शर्यतीचा घोडा न विचारता विकला, त्या दिवसापासून मुलाचं नाव या घरात घ्यायचं नाही असा त्यांचा हुकूम होता. सासू हयात असती तर तिने बापलेकांना एका पंगतीला बसवलं असतं. सुनेने म्हाताऱ्याशी काय बोलायचं? वाकून नमस्कार करायचा, चहा द्यायचा, मागे सरायचं. ते दोन्ही हातांनी वाटी धरून चहा पीत आणि मेंढ्यांकडे जात.

दुपारी जाजमासाठी ओली लोकर लाटताना बुरुलायने सगळं जीपारला सांगितलं. जीपार तिची शाळेपासूनची मैत्रीण, आणि दुसऱ्याच्या संसारात तिचं डोकं फार चाले.

“बाई आहे,” जीपार म्हणाली. “आणि तिथलीच, कझानची. नाहीतर खोकला ऐकू कसा येईल?”

“तो म्हणतो, कोण आहे माहीत नाही.”

“म्हणणारच. आणि नऊ घोडे गं! आठ नाही, दहा नाही. आपल्यात नऊ कुणाला देतात? ज्याच्याशी नातं जोडायचं त्याला. तुझ्या लग्नात काय आलं होतं?”

“नऊ मेंढ्या,” बुरुलाय म्हणाली आणि तिने हात पुसून फोन काढला.

त्या खेळाच्या पानावर खेळणारे आपापली मतं लिहीत. दोघी एकाच फोनवर डोकी जोडून वाचू लागल्या. ‘एक तारा. पैसे भरणारे जिंकतात, आम्ही विटा वाहतो.’ ‘तीन तारे. चित्रं छान, पण फोन इतका तापतो की अंडं तळून निघेल.’ ‘पाच तारे. बायको रुसून गेली, आता निवांत खेळतो.’ बुरुलायने हे मत घाईने वर सरकवलं.

आणि मग, पाहुणा ४४१७. ‘पाच तारे. लढाया कळत नाहीत. लिहिताना बोटं थरथरतात. पण एका माणसाशी दुसरीकडे कुठेच बोलता येत नाही, इथे येतं.’

“बोटं थरथरतात म्हणे!” जीपारने कपाळावर हात मारला.

बुरुलाय नुसती जळत होती. दोन वर्षं तिने मिर्लानचं घर सांभाळलं, त्याच्या बापाचा अबोला सांभाळला, आणि जेवलास का हे विचारायचा मान त्या ४४१७ला! आपण स्वतः ते शेवटचं कधी विचारलं होतं, हे मात्र तिला आठवेना. त्याने राग आणखीच वाढला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. सासरे उठून बाहेर गेले. बुरुलायने खिडकी लावून घेतली, कारण आज ती भांडणार होती.

“हाकल तिला.”

“कोणाला?”

“तुझ्या पाहुणीला. शहराचं दार तिला कायमचं बंद कर. नाहीतर मी आजच माहेरी जाते, मग बाबांना चहा कोण देतं ते बघ.”

“अगं, खेळ आहे तो.”

“खेळच आहे ना? मग सोडायला काय जातं?”

“इथे माझ्याशी असं कोणी बोलत नाही, बुरुलाय,” मिर्लान हळूच म्हणाला. “बंद कर,” ती म्हणाली. पलीकडे बोटांची टकटक झाली. “घे. केलं बंद. आता निरोपही येणार नाही.”

बुरुलायने त्या दिवशी ढीगभर बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर वडे, तळले. तळता तळता गुणगुणलीसुद्धा. सासऱ्यांसमोर गरम गरम ठेवले, पण त्यांनी एकालाही हात लावला नाही. ती मनाशी म्हणाली, नसेल भूक. आज तिला कोणाचाच राग येत नव्हता.

संध्याकाळी भांडी आवरून तिने हौसेने खेळाचं पान उघडलं. पाहुणा ४४१७च्या मतावर पाचाऐवजी आता एकच तारा होता. ‘ज्या दारासाठी हा खेळ घेतला, ते आज उघडत नाही. निरोप जात नाही. काहीतरी बिघडलं असेल. घरात फोनमधलं कळणारं माणूस आहे. कधी बोलणं होत नाही, पण आता विचारावं लागेल.’

“विचार, खुशाल विचार!” बुरुलाय मोठ्याने म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मागे पाऊल वाजलं. तिने घाईने फोन खिशात टाकला आणि वाकली. स्वयंपाकघराच्या दारात सासरे उभे होते. हा उंबरा त्यांनी आजवर कधी ओलांडला नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी आपला फोन धरला होता.

“सूनबाई,” ते म्हणाले, “जरा बघतेस का? माझे नऊ घोडे परत आलेत.”