उरलेला जोड

मेनरोड, २००४.

"हा जाड सोलचा, रोज लांब पळणाऱ्यांसाठी. हा पातळ, शर्यतीसाठी," दुकानदार म्हणाला. मग त्याचं लक्ष सरिताच्या आखूड डाव्या पायाकडे गेलं. "ताई, तुम्हाला चालायचे दाखवू का?"

"रविवारी शर्यत आहे माझी. डावा जाड द्या, उजवा पातळ."

"जोड तोडून देत नाही आम्ही."

"मग दोन्ही जोड घेते."

बूट घालून ती उभी राहिली. आरशात दोन्ही खांदे एका रेषेत आले. दुकानदार उरलेले दोन बूट खोक्यात भरू लागला, तर तिने ते काढून घेतले आणि शोकेसमध्ये पुढच्या रांगेत मांडले.

 

 

"इथेच असू द्या. उजवा पाय आखूड असलेली कुणीतरी येईलच पळायला."