गंगारामची हाक

मथुरा कुंपणाचं बेडं सरकवून आत आली तेव्हा तिच्या डोक्यावर मासळीची पाटी नव्हती. पाटीशिवाय ती या घरी कधी आली नव्हती. सुवार्ताबाई पडवीत बायबल घेऊन बसल्या होत्या, रविवारच्या उपासनेत वाचायचं स्तोत्र शोधत. उपासनेला हल्ली सहा माणसं असायची.

"बस गं," त्या म्हणाल्या. "आज दुपारची कशी?"

मथुरा पायरीवर बसली. पदराखालून तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. बाईंची नवी कादंबरी.

"सानवीनं सगळं वाचून दाखवलन्. सात दिस लागले. शाळेतनं आली की वाचायची."

सानवी तिची नात. बाई क्षणभर सुखावल्या आणि मग भ्याल्या. कादंबरीतल्या खलाशाचं नाव त्यांनी बदललं होतं, त्याच्या बायकोचंही बदललं होतं. पण मिऱ्याच्या किनाऱ्यावर आठ वर्षांपूर्वी एकच होडी रिकामी मिळाली होती. ती मथुराच्या नवऱ्याची, गंगारामची.

"ती मंजुळा म्हणजे मीच ना, बाई?"

"हो." बाईंनी बायबल मिटलं. "तुला आधी विचारायला हवं होतं मी. चुकलं माझं."

"त्याचं काय नाय." मथुरानं पुस्तक उघडलं. शेवटाकडच्या एका पानात एसटीचं तिकीट खुणेला घातलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं बोट बरोबर ओळीवर ठेवलं. "हितं तो पाण्यात हाय. होडी लांब गेली. आणि तो बायकोला हाक मारतो. दोनदा. मंजुळा, मंजुळा."

"हो."

"तुमाला कसं कळलं?"

बाईंना प्रश्न समजला नाही. मथुरानं पुस्तकाभोवतीचं वर्तमानपत्र मांडीवर पसरून सारखं केलं. त्यात बाईंचा फोटो होता, मागे समुद्र. मुलाखत गेल्या महिन्यातली.

"हेपण वाचलन् तिनं. तुमी बोल्लाय, पहाटे समुद्राकडं तोंड करून प्रार्थनेला बसते. तिथं ऐकू येतं ते मी फक्त लिहून घेते." तिनं एकही शब्द चुकवला नाही. "म्हणजे तुमच्या देवानंच सांगितलन् ना? आमी देवळात गाऱ्हाणं घातलं, देवऋषी केला, खलाशांना विचारत फिरलो. कोण काय सांगू शकलं नाय. तुमी रोज तिथं बसता, म्हणून तुमाला सांगितलन्."

ते वाक्य बाईंना मुलाखत देताना सहज सुचलं होतं आणि फार आवडलंही होतं. प्रेरणा कुठून मिळते, असं विचारणाऱ्या सगळ्यांना त्या तेच सांगायच्या. माझी श्रद्धा आणि हे किनाऱ्यावरचं घर. ऐकणारे मान डोलवायचे. कुणी त्या वाक्यावर असा भार टाकून उभं राहिलं नव्हतं.

आत्ता नुसतं हो म्हटलं तरी चालणार होतं. मथुरा ते हो घेऊन घरी गेली असती.

"नाही, मथुरा. मला कुणी सांगितलं नाही. ते मी मनानं रचलं."

"रचलंत?"

"तसं झालं असावं, असं वाटलं म्हणून."

"मग पेपरात?"

"ते खरं नाही. बसते मी तिथं. रोज बसते. बोलतेही. पण ऐकू काही येत नाही. पुष्कळ वर्षं झाली."

हे त्यांनी महिन्यातून एकदा चिपळूणहून येणाऱ्या पाळकसाहेबांनाही सांगितलं नव्हतं. आता मासळी विकणाऱ्या बाईला सांगून बसल्या होत्या, आणि तिनं बोट ठेवलेल्या पानाकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

बंधाऱ्यावर एक लाट आपटली, मग दुसरी. मथुरानं पुस्तक मिटलं, कागदात गुंडाळलं आणि उठली. ही आता पुन्हा येणार नाही, असं बाईंच्या मनात आलं. दारात थांबून घटकाभर बोलणारं माणूस आठवडाभरात तेवढंच होतं.

"पुढच्या आवृत्तीत मी ते काढून टाकते," त्या घाईनं म्हणाल्या. "ती हाक."

मथुरा बेड्यापाशी थांबली.

"काढू नका."

तिनं पदर सारखा केला.

"पण नाव घेतलन् नसतं त्यानं. चोवीस वर्सं संसार केलान्, एकदापण मथुरा म्हणून हाक मारलीन् नाय. अगो बोलायचा. नुसतं अगो. घरात असो, बंदरावर असो. चार बायका वळून बघायच्या, पण मला कळायचं कोणाला ते." ती एवढंसं हसली. "मारलीन् असंल तर तीच मारलीन् असंल. तेवढं नीट करा."

ती रस्त्याला लागली. वळणापर्यंत बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

मग आत जाऊन त्यांनी आपल्याजवळची प्रत काढली, ते पान उघडलं, दोन्ही नावं खोडली आणि वर लिहिलं : अगो. शब्द कसा वाटतो ते कळेना, म्हणून त्यांनी तो मोठ्यानं म्हणून पाहिला.

घरात कुणी ओ दिली नाही.