एकट्या माशाचा रंग

"बाई, तुम्ही साडीवर भलत्याच रंगाचा ब्लाउज मुद्दाम घालता का?"

मीराने एका दमात विचारून टाकलं. खाली बाकावर तिच्या मैत्रिणी, रतन आणि शुभा, वाट बघत बसल्या होत्या. आहे का हिंमत, विचारून दाखव, वडापाव माझ्याकडून, असं रतन म्हणाली होती. आणि वक्तृत्व स्पर्धेत शाळेला ढाल मिळवून दिल्यापासून मीराला हिमतीची काही कमी नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरच्या सबनीसबाईंचे ब्लाउज हा मुलुंडच्या त्या अख्ख्या बिल्डिंगचा विनोद होता. बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. कुणाशी बोलणं नाही, कुणाचं येणंजाणं नाही. आज काळ्या साडीवर निळा ब्लाउज होता.

दार उघडताना बाईंनी तिला पेपरवाला समजून उद्या ये म्हणून सांगितलं होतं. आता त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. रागावल्या नाहीत. ब्लाउज काळाच तर आहे, म्हणाल्या.

मीराला हसू फुटलं. "अहो बाई, निळा आहे. चांगला ढळढळीत निळा."

बाई गॅलरीत गेल्या. उन्हात हात पुढे करून बाही आणि पदर शेजारी शेजारी धरला. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मीराचं हसू आपोआप थांबलं.

"आत ये," बाई म्हणाल्या.

आतल्या खोलीत भिंतीलगतच्या फळ्यांवर काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. प्रत्येक बरणीत एकच मासा आणि दर दोन बरण्यांच्या मधे पुठ्ठा. हे फायटर मासे, बाईंनी सांगितलं. नराला दुसरा नर दिसला की तो कल्ले फुलवतो, आपला रंग मिरवतो. पण ह्या नरांनी दुसरा नर कधी पाहिलेलाच नाही. ह्यांच्या बापांनी नाही, आजोबांनी नाही. कॉलेज सुटल्यापासून बाईंनी हेच एक काम केलं होतं, आणि त्यातून त्यांना दिसलं होतं ते असं, की ज्याला आपला रंग कुणाला दाखवायचाच नसतो त्याचा रंग पिढीगणिक विटत जातो. पुढच्या महिन्यात बंगलोरच्या परिषदेत त्या तो पेपर वाचणार होत्या. टाइप केलेले कागद टेबलावर तयार होते.

त्यांनी एका बरणीवर बोट ठेवलं. "ह्याचा रंग सांग."

"निळा."

"राखाडीकडे झुकणारा?"

"छे. कपड्यांना घालायची नीळ सांडावी ना, तस्सा."

बाईंनी पुढच्या बरणीकडे बोट केलं. मग मीराच पुढे पुढे गेली. हा दौतीतल्या शाईसारखा, हा मोरपिशी, ह्याच्या तर शेपटीतसुद्धा निळं चमकतंय, हा सगळ्यात झकास. आपण केवढी आनंदाची बातमी देतोय असंच तिला वाटत होतं. फळी संपली तेव्हा तिने वळून पाहिलं. बाई स्टुलावर बसल्या होत्या. हात मांडीवर पालथे.

"मोतीबिंदू," त्या म्हणाल्या. "डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. निळा रंग आधी जातो. मी वर्गात शिकवायचे हे."

मीराला कळायला जरा वेळ लागला. मासे विटलेच नव्हते. कुणी बघो न बघो, ते आपले त्या पुठ्ठ्यांच्या मधे निळेच्या निळे राहिले होते. तिने टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं.

बाई उठल्या. फळीपाशी गेल्या आणि दोन बरण्यांमधला पुठ्ठा त्यांनी उचलला.

दोन्ही मासे जागच्या जागी थबकले. मग एकाचे कल्ले फुलले, लगेच दुसऱ्याचे. शेपट्या पंख्यासारख्या उघडल्या. काचेला काच आणि दोघे समोरासमोर, थरथरत.

बाईंनी बरणीला जवळजवळ नाक लावलं. "आता कसे दिसतायत?"

"आता तर पेटल्यासारखे, बाई. निळ्या गॅससारखे."

"मला नुसती हालचाल दिसतेय," बाई म्हणाल्या. "तू बोलत राहा."

मीरा बोलत राहिली. दोघांतल्या एकाने माघार घेऊन पाठ फिरवली, त्याच्या अंगावर आडवे पट्टे उमटले, तेही तिने सांगितलं. बाई मान हलवत ऐकत होत्या. मग त्यांनी पुठ्ठा परत मधे सरकवला आणि तिला चहा घेणार का विचारलं. घरात कप एकच निघाला. दुसरा चहा त्यांनी वाटीत ओतला आणि वाटी स्वतःकडे घेतली.

ती खाली आली तेव्हा बाकावर कुणी नव्हतं.

घरी आई कोथिंबीर निवडत होती आणि बाबा टीव्हीसमोर बातम्यांची वाट बघत होते. मीराने चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं की उद्यापासून क्लास सुटला की ती सबनीसबाईंकडे जाणार, माशांचे रंग सांगायला. मग तिला सगळंच सांगावं लागलं. बाबा म्हणाले, दहावीचं वर्ष आहे, दोनचार दिवस जा हवं तर. आईने जुडी खाली ठेवली.

"अगं, मोतीबिंदू पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. वर्ष जाईल त्यात."

"मग वर्षभर जाईन," मीरा म्हणाली. "रोज सगळी बिल्डिंग त्यांना बघत होती, आई. सांगितलं कुणीच नाही. मी जाणार."