लागला, सुटला

जळगाव जामोदचे निवृत्त विज्ञान शिक्षक उत्तमराव रोज सकाळी सूर्याची रुंदी मोजत. अंगणातला आरसा खिडकीच्या भोकातून अंधाऱ्या खोलीत ऊन फेकायचा आणि समोरच्या भिंतीवर सूर्याचं गोल बिंब हळूहळू सरकायचं. बिंबाची कड भिंतीवर आखलेल्या एकेका रेघेला टेकली की आतून त्यांच्या बायकोची, विमलबाईंची, हाक यायची, "लागला!" दुसरी कड ती रेघ सोडून गेली की, "सुटला!" ग्रहणाचेच शब्द. बाहेर आरशापाशी बसलेले उत्तमराव प्रत्येक हाकेला "ओ" देऊन घड्याळाचं बटण दाबत. मधला वेळ म्हणजे सूर्याची रुंदी.

आज तो वेळ दर खेपेला कमी भरत होता. आभाळ स्वच्छ होतं, आरसाही हलला नव्हता.

"नीट पाह्य वं, विमल," ते ओरडले.

तेवढ्यात फाटक वाजलं. भाजीची पिशवी घेऊन विमलबाई अंगणात आल्या.

"कोनाले ओ देऊन राह्यले हो तुमी?"

"तू आत नव्हती?"

"मी तं तुमी उठाच्या आधीच बजारात गेली."

माणूस दिसल्याशिवाय हाकेला ओ देऊ नये, दर ओ बरोबर आपण थोडे थोडे हाक मारणाऱ्याकडे जातो, असं विमलबाई नेहमी सांगायच्या आणि उत्तमराव हसायचे.

खोलीतून हाक आली, "लागला!" हुबेहूब विमलबाईंचा आवाज.

त्यांनी नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवायच्या आत, सवयीनं, त्यांची "ओ" निघून गेली होती.

लगेच आतून "सुटला" आलं. या खेपेला आवाज उत्तमरावांचा होता.