बिनपाण्याच्या कुंड्या

अठराव्या दिवशी ऋतुजाने दारालगतच्या कुंडीत बोट खुपसलं आणि ते ओलं निघालं.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. कॉलेजच्या गच्चीवर, हिरव्या जाळीच्या बंदिस्त मांडवात ज्वारीच्या चाळीस कुंड्या होत्या. एकवीस दिवस पाणी तोडायचं आणि कोणतं वाण तग धरतं ते पाहायचं, एवढाच प्रयोग. बाकीच्या कुंड्यांतल्या पानांनी केव्हाच सुरळ्या केल्या होत्या. ऊन अंगावर कमी यावं म्हणून ज्वारी अशी स्वतःला गुंडाळून घेते. दारालगतच्या एकाच वाणाच्या चार कुंड्या मात्र पाहुणचाराला आल्यासारख्या पानं पसरून उभ्या होत्या. त्या चारांवर तिचा सगळा प्रबंध उभा राहायचा होता. पीएचडीचं हे सहावं वर्ष. मुदत एकदा वाढवून झाली होती, जूनमध्ये प्रबंध द्यायचाच होता. तिचे मार्गदर्शक दीनानाथ सर तर परवाच विभागात सांगून बसले होते की वाण सापडलं.

गच्ची झाडणाऱ्या शालनमावशी झाडू घेऊन वर आल्या. हडपसरहून दोन बस बदलून येतात, ठेकेदाराकडे कामाला आहेत; झाडायला आत यावं लागतं म्हणून जाळीच्या दाराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. ऋतुजाने विचारलं तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"घातलं की. माझ्या बाटलीतलं उरलेलं. चौघींनाच पुरतंय." झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, "येता-जाता तोंडाकडं बघत्यात हो. तुम्हाला नाय काय वाटत?"

ऋतुजाला वाटत होतं. पण ती इतकी दमली होती की रागवायलाही अंगात काही उरलं नव्हतं. तिने वहीत तारीख टाकली आणि पेन तसंच धरून ठेवलं. तीनच दिवस राहिले होते. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

आपल्या हातून काहीतरी मोठं बिघडलंय, एवढं शालनमावशींना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. कामावरून काढतील का, असं त्यांनी हळूच विचारलं. ऋतुजा वही मिटून खाली सरांच्या खोलीत गेली.

"सर, दाराजवळच्या कुंड्यांत पाणी गेलंय," ती म्हणाली. "माझ्याच हातून."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपण वनस्पतिशास्त्र विभागात आहोत, ऋतुजा. पाणपोई मंडईपाशी आहे."

मग ते म्हणाले की पुन्हा पेरा, मुदतवाढीच्या अर्जावर मी सही करतो, पुढचं विद्यापीठ जाणे. त्यांचाही आवाज थकलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंड्या रिकाम्या करायला बसली. शालनमावशी न सांगता शेजारी येऊन बसल्या आणि माती चाळू लागल्या. कोण काय बोललं, नाव कुणाचं सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. दहा-बारा कुंड्या झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की पुन्हा तसंच करायचं का, तहानलेलं ठेवायचं.

"तसंच," ऋतुजा म्हणाली. "एकवीस दिवस."

शालनमावशींनी मातीचे हात झटकले. पदराच्या गाठीतून जाळीच्या दाराची किल्ली सोडवली आणि ऋतुजाच्या हातावर ठेवली.

"मग ही तुमच्यापाशी ठेवा, ताई. माझा भरवसा नाय."