मधली प्लेट

सचिन डेअरीत दूध तापवायच्या मशीनवर आहे. "गरम दूध इकून, थंडं तिकून, मंधात स्टीलच्या पातळ पातळ प्लेटा," त्यानं एकदा बायकोला, मंजुषाला सांगितलं होतं. "ऊब पलीकडं जाते, पण दूध दुधाले भेटत नाई. भेटलं तं सारा माल खराब."

मंजुषाला ते लगेच कळलं. पोळ्यापासून सचिन आणि त्याचे वडील अण्णाजी एकमेकांशी बोलत नव्हते. सगळं तिच्यामार्फत.

ती गिरडला माहेरी आली, तरी सुटका नाही. सचिनचा फोन, "बाबाले विचार, जेवले काय?" लगेच अण्णाजींचा, "त्याले सांग, नळ आले." दोघंही सासरच्या, सिंदी मेघेच्या एकाच घरातून! वैतागून तिनं फोनच बंद केला, आणि मग दुपारभर अंगणात येरझारा घालत राहिली. मधली प्लेटच काढली आपण. आता काय होईल तिकडं?

दिवेलागणीला दारात मोटारसायकल थांबली. पुढं सचिन, मागं त्याचा खांदा घट्ट धरून अण्णाजी. तिला धडधाकट उभी पाहून सचिननं सुस्कारा सोडला.

 

अण्णाजी त्याच्यावर खेकसले, "सांगत होतो ना तुले रस्ताभर, की बरी हाय ते!"