बांबूवरचा कावळा

"तो कावळा काही खाली उतरनार नाही," गोजराबाईनं तिसऱ्यांदा सांगितलं आणि ती बांबूला पाठ लावून उभी राहिली.

अंगणातल्या त्या बांबूच्या टोकाला एक मेलेला कावळा उलटा टांगलेला होता. समोर ढोरांच्या दवाखान्यातला संघपाल उभा होता. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, अंगाला घामाच्या धारा. मेडशीहून फटफटीवर आला आणि गावाच्या पहिल्याच घरी अडकला. गोजराबाईला त्याचा असा वैताग आला होता की विचारू नका. इतक्या वर्षांत तिच्या कोंबड्यांची चौकशी करायला कोणी आलं नव्हतं. आता आले, ते कावळ्यासाठी!

तिच्या कबऱ्या कोंबडीनं फाल्गुनात अकरा पिल्लं काढली होती. गोजराबाईनं ती कण्या चारून नातवंडांसारखी जपली, आणि कावळ्यांनी चार दिवसांत चार उचलली. तिनं थाळी बडवली, गोफण फिरवली, अंगणावर जुनं लुगडं ताणून बांधलं. कावळे लुगड्यावर बसून आरामात पिल्लू निवडायचे. शेवटी तिला सासूचा उपाय आठवला. मेलेला कावळा टांगायचा, मग बाकीचे फिरकत नाहीत. पण कावळा कोणाच्या बापाच्या हाती लागतो? नशीब असं, की नाल्याकाठच्या चिंचेखाली तिला तो आयताच पडलेला सापडला. त्या चिंचेवर गावातल्या साऱ्या कावळ्यांची वस्ती. तिनं तो आणून टांगला. दुपारभर कावळ्यांनी नुसता कालवा केला, आणि नंतर अंगणात एकही उतरला नाही. पाच दिवस झाले, सात पिल्लं सातच होती. गावात गोजराबाईचा भाव वधारला होता.

"पिल्लं नेली तवा कुठी होता तू?" ती कडाडली. "आता माया उपाय लागू पडला, तं मोजे घालून आला!"

"मावशी, ऐका तं. तो कावळा मेला कशानं?"

"मले काय मालूम? म्हातारा झाला असंन."

"बर्ड फ्लूनं मेला. धरनावरच्या बदकाईले झाला, तिथून कावळ्याईले. चिंचेखालचे सारे त्याच्यानंच मेले. तपासनीचा कागद काल आला, म्हनून तं पळत आलो. कावळे भेऊन येत नाही असं वाटते का तुमाले? अवं, उरलेच किती आता!"

"कावळ्याचा रोग कावळ्याले. माया कोंबड्याईले काय त्याचं?"

संघपाल वाद घालून थकला होता. त्यानं फक्त बांबूच्या बुडाशी बोट दाखवलं.

तिथे कबरी बसली होती. सकाळपासून तिथेच. ऊन लागलं असेल म्हणून गोजराबाईनं तिच्यापुढे पाणी ठेवलं होतं, ते तसंच होतं. तुरा जांभळा पडला होता, मान मातीला टेकली होती. गेले पाच दिवस वरून कावळ्याची पिसं न् घाण याच मातीत गळत होती, आणि कबरी हीच माती उकरून पिल्लांना चारत होती. पिल्लं अजूनही तिच्या पंखात शिरायला धडपडत होती.

गोजराबाई कबरीपाशी जाऊन बसली. कावळ्यांवर आला नव्हता एवढा राग तिला स्वतःचा आला. कावळ्यांनी चारच नेली होती. उरलेली तिनं स्वतःच्या हातानं घालवली होती.

"मीच टांगला रे," ती म्हणाली. "सांगनारीनं सांगतलं, न् मी टांगला."

संघपालचा आवाज खाली आला. "जाऊ द्या मावशी. तुमाले काय माहीत होतं? या घरच्या कोंबड्या तं आता ठेवता येनार नाही. पन हा कावळा चुना टाकून खोल पुरतो, म्हनजे बाकी गावच्या तरी वाचतीन. तुमचं घर एका बाजूले हाये, तेवढं बरं झालं. एकच होता ना कावळा?"

गोजराबाईनं मान वर केली. पलीकडे गल्लीत कोणाची तरी कोंबडी पिल्लांना कुक्‌कुक् करून बोलावत होती. हो म्हणून टाकावं, असं तिला क्षणभर वाटलं. एकदा हो म्हटलं की हा पोरगा कावळा पुरून निघून गेला असता.

"बारा होते," ती म्हणाली. "येकटीचं कायले पाहू म्हटलं. ज्याच्या ज्याच्या घरी पिल्लं, त्याच्या त्याच्या घरी मीच येकेक नेऊन देल्ला."